स्वादुपिंड दिसलं नाही, म्हणजे काय?

वाङ्मय मंडळाच्या ई-अंकात सोनोग्राफीवरचा लेख बघून काही वाचक थेट पुढच्या कवितेकडे वळतील. त्यांना जरा थांबवते. हा लेख खरं तर एका वाक्याबद्दल आहे, आणि वाक्य हा तर आपल्या मंडळाचा विषय. ते वाक्य माझ्या मामीच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये होतं : 'पॅन्क्रिआज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस.' म्हणजे, आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड झाकलं गेलं, दिसलं नाही.

इंग्रजी पाच शब्द. आमच्या घरच्यांना त्यातला एकच कळला, 'गॅस'. त्या एका शब्दाने जो घोळ घातला, त्यावरून मला वाटलं की तीव्र स्वादुपिंडदाहात, ज्याला डॉक्टर 'ॲक्यूट पॅन्क्रिआटायटिस' म्हणतात, सोनोग्राफी नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कुणीतरी सरळ मराठीत लिहायला हवं. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी, डॉक्टर नाही. त्यामुळे हा उपचाराचा सल्ला समजू नका. रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या माणसासाठी केलेली ही समजुतीची गोष्ट आहे.

गाव, घर आणि चार भाषा

माझं आजोळ हळ्ळीखेड (बी). बिदर जिल्हा, हुमनाबाद तालुका. नाव ऐकूनच गंमत वाटते. कन्नडमध्ये 'हळ्ळी' म्हणजे खेडं आणि मराठीत 'खेड' म्हणजेही खेडंच. पुढचा 'बी' म्हणजे बुजुर्ग, आपल्याकडच्या 'बुद्रुक'चा सख्खा भाऊ. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) गेला. त्यामुळे आमच्या आजोळी घरात मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये दखनी उर्दू आणि दवाखान्याच्या कागदावर इंग्रजी. तीन भाषा घरातल्या सगळ्यांना येतात. नेमकी चौथी येत नाही.

मामीला पहिला झटका आला तो येळवसीच्या रात्री. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते : मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, उदगीर, बिदर, कलबुर्गी ह्या पट्ट्यात सगळं घर शेतात जातं. भज्जी, आंबील, उंडे असं पोटभर जेवण होतं. त्या रात्री मामीच्या बेंबीच्या वर दुखायला लागलं. दुखणं थेट पाठीत जायचं. आडवं झालं की वाढायचं, पुढं वाकून बसलं की किंचित कमी व्हायचं. ओकाऱ्या थांबेनात. "पाठीतून आरपार दुखालंय," एवढंच ती म्हणत होती. सगळ्यांनी ठरवलं, येळवसीचं जेवण बाधलं. जवळच्या एका दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. सकाळपर्यंत फरक नाही म्हटल्यावर जीप करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथे रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि ते वाक्य हातात आलं.

मामा रिपोर्ट बघून म्हणाला, "अगं, गॅसच हाय म्हणून लिवलंय की ह्यात. उगं भ्यालाव आपण."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावात पोटदुखीला 'गॅस' म्हणतात आणि कागदावरही 'गॅस' लिहिलेलं. फक्त कागदावरचा गॅस आजाराचं नाव नव्हता, तो समोर आलेला पडदा होता. हा पडदा काय असतो ते समजायला आधी स्वादुपिंड कुठे आहे ते बघू.

सगळ्यांच्या मागे बसलेला अवयव

स्वादुपिंडाला ग्रीकमधून आलेलं 'पॅन्क्रिआज' हे नाव आहे. त्याचा अर्थ 'सगळं मांसच'. हिंदीत अग्न्याशय म्हणतात आणि आमच्या बिदरच्या कन्नडमध्ये मेदोजीरक ग्रंथी. नावं इतकी, पण अवयव मात्र लाजरा. साधारण १२ ते १५ सेंटीमीटर लांब आणि वजनाला १०० ग्रॅमच्या आतबाहेर. तो जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, आडवा पडलेला असतो. त्याचं डोकं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात बसलेलं आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. पाठीच्या इतकं जवळ असल्यामुळेच त्याचं दुखणं पाठीत जातं.

त्याची कामं दोन. एक इन्सुलिनचं, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं पाचक रस बनवायचं. हे रस मांस, चरबी, पिष्ट सगळं विरघळवू शकतात. मग ते स्वादुपिंडालाच का विरघळवत नाहीत? कारण ते तिथे झोपलेल्या अवस्थेत बनतात आणि आतड्यात पोहोचल्यावरच जागे होतात. तीव्र स्वादुपिंडदाहात हे रस घरातच जागे होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. १८८९ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी ह्या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं. 'स्वतःचं पचन' ही कल्पना १८९६ मध्ये प्रागच्या हान्स किआरींनी मांडली.

आता खड्यांचा संबंध. यकृतातून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी, दोन्ही आतड्यात उघडतात त्या बहुतेकांमध्ये एकाच तोंडाशी. पित्ताशयातला एखादा खडा घसरत येऊन ह्या तोंडाशी अडकला, की दोन्ही घरांचा निचरा तुंबतो. १९०१ मध्ये बाल्टिमोरच्या युजीन ओपी यांनी शवविच्छेदनात असा अडकलेला खडा बघून हा दुवा जोडला. इथे एक उलटी वाटणारी गोष्ट आहे : मोठ्या खड्यापेक्षा लहान खडे जास्त धोक्याचे. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो, बारीक मात्र निसटून नळीत उतरतो. जेवणानंतर, विशेषतः तेलकट जेवणानंतर, पित्ताशय आकुंचन पावतं आणि तेव्हाच तो ढकलला जाऊ शकतो. म्हणजे येळवसीचं जेवण निमित्त होतं असं म्हणा हवं तर, पण खडा आधीपासूनच आत होता.

जगभर ह्या आजाराची दोन मोठी कारणं आहेत, पित्ताशयातले खडे आणि दारू. त्याशिवाय रक्तातली चरबी (ट्रायग्लिसराइड) १००० मिलिग्रॅमच्या वर जाणं, काही औषधं, कॅल्शियम वाढणं, गालगुंड, पोटाला बसलेला मार अशी बाकीची. त्रिनिदाद बेटावरच्या एका विंचवाच्या दंशानेही स्वादुपिंडदाह होतो, हे वैद्यकाचे विद्यार्थी हौसेनं पाठ करतात. आपल्याकडचा लाल विंचू मुख्यतः हृदयावर घाला घालतो. त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून महाडला मोठं काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं 'बॅरिस्टरचं कार्टं' आपल्यातल्या अनेकांनी वाचलं असेल.

आवाजाने बघणं

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत वापरतात तो आवाज २० ते ५० लाख हर्ट्झचा. हातातल्या प्रोबमध्ये स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो थरथरतो आणि आवाज निघतो. परत आलेला प्रतिध्वनी त्याच्यावर आदळला की उलट वीज तयार होते. हा गुण पिएर आणि जाक क्युरी ह्या भावांनी १८८० मध्ये शोधला होता. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. १० सेंटीमीटर खोलवरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं आणि त्यावरून 'किती खोल' ते काढतं. विहिरीत हाक मारून खोलीचा अंदाज घ्यावा, तसंच हे. फक्त इथे सेकंदाला हजारो हाका मारल्या जातात.

पोटाच्या तपासणीसाठी हे तंत्र पुढे आणलं ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी. धातूमधली भेग शोधायच्या कारखान्यातल्या यंत्रापासून त्यांनी सुरुवात केली. १९५८ मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. तो पोटातल्या गाठींवर होता. म्हणजे सोनोग्राफी सुरुवातीपासूनच फक्त गरोदरपणाची तपासणी नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पडद्याची गोष्ट. आवाज एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना दोन्ही पदार्थ एकमेकांसारखे असतील तर बराचसा पुढे जातो, फार वेगळे असतील तर मागे फिरतो. मऊ मांस आणि हवा ह्यांत इतका फरक आहे, की त्या सीमेवरून जवळजवळ सगळाच आवाज परततो. म्हणून तर पोटावर तो गार चिकट जेल लावतात, प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी. पण आतड्यातल्या हवेला जेल कसं लावणार? स्वादुपिंडाच्या पुढे जठर आणि आतडी. त्यात हवा असली की तिथेच भिंत उभी राहते आणि मागचं काही दिसत नाही.

आणि दैवाचा खेळ असा, की स्वादुपिंडाला सूज आली की शेजारची आतडी हालचाल थांबवतात आणि हवेने फुगतात. म्हणजे ज्या आजारात स्वादुपिंड बघायचं असतं, नेमका तोच आजार ते झाकून टाकतो. सुमारे पाव ते एक तृतीयांश रुग्णांत ह्या हवेमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. तपासणारा डॉक्टर प्रोब दाबून हवा बाजूला सारतो, कूस बदलायला लावतो, श्वास रोखायला सांगतो. तरी काही वेळा जमत नाही. तेव्हा प्रामाणिक डॉक्टर रिपोर्टमध्ये लिहितो : झाकलं गेलं, दिसलं नाही.

म्हणून 'दिसलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. दाराला पडदा आहे म्हणून घरात कुणी नाही, असं आपण म्हणतो का?

मग सोनोग्राफी करायची कशाला?

मला हाच प्रश्न पडला होता. उत्तर तिथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन वाक्यांत दिलं : "आजार आहे का ते रक्त सांगतं. आजार कशामुळे झाला ते मी शोधते."

निदानाचा नियम साधा आहे. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की तीव्र स्वादुपिंडदाह म्हणायचा. पहिली, ठरावीक प्रकारचं दुखणं. दुसरी, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक. तिसरी, चित्रात दिसणारी खूण. मामीच्या पहिल्या दोन जुळल्या होत्या. चित्र दिसो न दिसो, निदान झालेलं होतं. खेड्यातून उशिरा पोहोचणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची : अमायलेज काही दिवसांत खाली येतं, लायपेज जास्त दिवस चढलेलं राहतं. त्यामुळे चार दिवस अंगावर काढून आलेल्या माणसात लायपेज जास्त उपयोगी.

असं असूनही दाखल झालेल्या प्रत्येक अशा रुग्णाची सोनोग्राफी सुरुवातीलाच करावी, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. कारण ती चार प्रश्न सोडवते.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न : पित्ताशयात खडे आहेत का? पित्ताशय यकृताखाली, पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे बहुतेक वेळा हवेच्या पडद्यातून सुटतं. पित्त द्रव असल्याने पडद्यावर काळं दिसतं. त्यात खडा असेल तर पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली. आवाज खड्यापुढे जाऊ शकत नाही, म्हणून सावली. कूस बदलली की खडा घरंगळतो. यावरून तो भिंतीला चिकटलेला कोंब नाही हे कळतं. सीटी स्कॅन महाग आणि मोठं यंत्र, तरी पित्ताशयातल्या खड्यांच्या बाबतीत ही साधी सोनोग्राफी त्याच्यापेक्षा सरस ठरते, कारण काही खडे सीटीमध्ये पित्तासारखेच दिसतात.

दुसरा : पित्तनलिका फुगली आहे का? ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, वयानुसार थोडी रुंदावते. त्याहून बरीच फुगलेली आणि सोबत कावीळ असेल तर खाली काहीतरी अडकल्याचा संशय येतो. पण नळीच्या तळाशी अडकलेला खडा सोनोग्राफीत अनेकदा निसटतो, कारण तिथे पुन्हा आतड्याची हवा. तेव्हा एमआरसीपी किंवा दुर्बिणीच्या टोकाला बसवलेली सोनोग्राफी उपयोगी पडते. ही दुसरी युक्ती मला फार आवडली : हवेचा पडदा आडवा येतो ना, मग यंत्रच पडद्याच्या आत, जठरात न्यायचं!

तिसरा : स्वादुपिंड दिसलंच, तर कसं आहे? सुजलेलं असेल तर मोठं दिसतं. पाण्याचा अंश वाढल्याने नेहमीपेक्षा काळसर दिसतं, कडा पुसट होतात. आजूबाजूला द्रव साचलेला दिसू शकतो, पोटात किंवा डाव्या फुप्फुसाखाली पाणी दिसू शकतं. सौम्य आजारात मात्र स्वादुपिंड अगदी नॉर्मलही दिसतं. तेव्हा 'नॉर्मल' लिहिलं म्हणूनही आजार नाही असं ठरत नाही.

चौथा : दुखण्याचं दुसरंच कारण नाही ना? पित्ताशयाचीच सूज, मूतखडा, पोटातल्या मोठ्या रोहिणीचा फुगा, हे सगळं त्याच बैठकीत बघून होतं.

मामीच्या रिपोर्टमध्ये गॅसच्या वाक्याच्या दोन ओळी वर लिहिलं होतं : 'मल्टिपल स्मॉल कॅल्क्युलाय.' अनेक बारीक खडे. खरा निरोप त्या ओळीत होता. सगळ्यांचं लक्ष मात्र 'गॅस'वर.

सीटी लगेच का नाही?

मामाचा पुढचा प्रश्न हाच. "मोठ्या मशीनीत घाला की मग, पैशे बघू." अनेक नातेवाईक असंच म्हणतात आणि डॉक्टर 'नको' म्हणाले की त्यांना वाटतं टाळाटाळ चालली आहे.

कारण वेगळं आहे. सीटीची खरी गरज स्वादुपिंडाचा काही भाग मेला आहे का ते बघायला लागते. साध्या सोनोग्राफीला हे भरवशानं सांगता येत नाही. सीटीत शिरेतून रंगद्रव्य देतात. जिवंत भाग उजळतो, मेलेला अंधारा राहतो. पण हा फरक पहिल्या दिवशी पुरता उमटलेला नसतो. तीन-चार दिवस गेल्यावर चित्र स्पष्ट होतं. पहिल्याच दिवशी केलेलं सीटी खोटा दिलासा देऊ शकतं. शिवाय किरणोत्सर्गाचा भार आहेच, आणि शरीरातलं पाणी कमी झालेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला रंगद्रव्याचाही. म्हणून निदानाबद्दल शंका असेल, किंवा रुग्ण सुधारत नसेल, तरच ते करतात.

बहुतेक रुग्णांत, पाचातल्या चौघांत म्हणा, आजार सौम्य असतो आणि सलाईन, वेदनाशामक आणि सोसेल तसं लवकर खाणं सुरू करणं एवढ्यावर आठवड्याभरात उतरतो. मूत्रपिंड, फुप्फुस, रक्ताभिसरण ह्यांपैकी काही निकामी होऊन ४८ तासांहून जास्त तसंच राहिलं तर तो तीव्र प्रकार, आणि तिथे जिवाला खरा धोका.

तुरीची रास आणि दुसरा झटका

मामी पाचव्या दिवशी बरी झाली. डॉक्टर म्हणाले, ह्याच मुक्कामात पित्ताशय काढून घ्या. पण दिवस तुरीच्या राशीचे. बिदर-कलबुर्गी भागात तूर म्हणजे वर्षाचा पैसा. शेतात माणूस मिळत नाही, आणि मामी स्वतः हिंडती-फिरती झालेली. "उन्हाळ्यात बघू," असं ठरलं आणि सगळे घरी आले.

हा निर्णय किती महागात पडू शकतो ह्याचा हिशोब उपलब्ध आहे. नेदरलँड्समधल्या रुग्णालयांनी सौम्य, खड्यांमुळे झालेल्या स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचं पित्ताशय त्याच मुक्कामात काढलं, दुसऱ्याचं साधारण महिन्याभराने. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. थांबलेल्या गटात १७ टक्के लोकांना खड्यांचा पुन्हा त्रास होऊन दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. लगेच ऑपरेशन झालेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. फरक फक्त एका महिन्याच्या थांबण्याचा.

मामीला दुसरा झटका सहा आठवड्यांनी आला, आणि तो पहिल्यासारखा नव्हता. ह्या वेळी ताप, धाप आणि दहाव्या दिवशी स्वादुपिंडाशेजारी द्रवाचा मोठा साठा. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मामा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहायचा. तूर घरात आली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सोनोग्राफीचं पाचवं काम मला तेव्हा कळलं, पाळत ठेवण्याचं. असा साठा काही आठवड्यांत आपोआप शोषला जातो, किंवा चार आठवड्यांनंतर त्याच्याभोवती पक्की भिंत तयार होते. आत फक्त द्रव असेल तर त्याला 'स्यूडोसिस्ट' म्हणतात, म्हणजे खोटी गाठ. कारण तिची भिंत खऱ्या गाठीसारखी अस्तराची नसते. मेलेल्या भागाचा गाळ आत असेल तर नाव वेगळं आणि काळजी जास्त. हा गाळ ओळखायला सोनोग्राफी चांगली, कारण सीटीत द्रव आणि गाळ कधीकधी सारखेच दिसतात. दर आठवड्याला सीटी करता येत नाही, सोनोग्राफी करता येते. किरण नाहीत आणि खर्च कमी. शेजारच्या शिरेत गुठळी झाली का, रोहिणीला फुगा आला का, हे डॉप्लरने बघतात. आणि साठ्यात जंतू शिरले तर सोनोग्राफीच्या नजरेखाली सुईने नळी घालून निचरा करता येतो. पूर्वी जिथे पोट उघडायची वेळ यायची, तिथे आता अनेकदा आधी नळी आणि गरज पडली तरच पुढचं, असं टप्प्याटप्प्यानं जातात.

मामीला नळी लागली नाही. प्रत्येक आठवड्याच्या रिपोर्टमध्ये साठ्याची तीन मापं असायची. मामा ती मोबाइलमध्ये लिहून ठेवायचा आणि मला फोनवर वाचून दाखवायचा. आकडे उतरत गेले. साठा विरला तेव्हा पित्ताशय काढलं. आता ती बरी आहे.

'सोनोग्राफी' शब्दाची दहशत

आणखी एक अडचण सांगायला हवी, कारण ती यंत्राची नाही, मनाची आहे. मामीला सोनोग्राफी सांगितली तेव्हा शेजारच्या आज्जी कुजबुजल्या, "ह्या वयात?" गावात सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण, आणि त्याच्या मागे मुलगा-मुलगीचा जुना काळा इतिहास.

तो इतिहास खरा आहे. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ पासून, आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, 'इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' असा फलक स्थानिक भाषेतही लावावा लागतो, आणि यंत्र वाटेल तिथे उचलून नेता येत नाही. कायदा हवाच. पण त्याचा एक परिणाम असा, की स्टेथोस्कोपसारखं हे यंत्र प्रत्येक गावच्या डॉक्टरच्या टेबलावर नसतं आणि पोटदुखीच्या रुग्णाला जीप करावी लागते. म्हणून निदान लाजेपायी तरी उशीर होऊ नये. वर सांगितलंच आहे, ह्या यंत्राने सुरुवात पोटातल्या गाठींपासून केली होती.

पुरुषांच्या बाबतीत लाज वेगळ्या जागी असते. पित्ताशयात खडे नाहीत असं सोनोग्राफीने सांगितलं, की डॉक्टर दारूबद्दल विचारतात. बायको, आई, भाऊ सगळे शेजारी उभे, आणि उत्तर येतं, "कधीतरी." तिथे खरं सांगणं हाही उपचारच आहे. आणि दोन्ही कारणं नसतील तर चरबी, कॅल्शियम, औषधं बघतात आणि बरं झाल्यावर सोनोग्राफी पुन्हा करतात. पहिल्या वेळी झाकलेले बारीक खडे दुसऱ्या वेळी सापडतात.

रिपोर्टमधले शब्द

जाता जाता काही शब्द मराठीत लावून देते.

'कॅल्क्युलस' म्हणजे खडा. लॅटिनमध्ये हा शब्द गोट्याचाच. खड्यांनी मोजणी करायचे म्हणून गणितातलं कॅल्क्युलसही त्यातूनच आलं.

'स्लज' म्हणजे पित्ताशयातला गाळ. खडा नाही म्हणून दुर्लक्ष करू नये, गाळही नळी अडवू शकतो.

'बल्की' म्हणजे सुजून जाड झालेलं. 'हायपोएकोइक' म्हणजे कमी प्रतिध्वनी देणारं, म्हणून काळसर दिसणारं.

'पेरिपॅन्क्रिॲटिक फ्लुइड' म्हणजे स्वादुपिंडाच्या आजूबाजूला साचलेला द्रव.

'ऑब्स्क्युअर्ड' म्हणजे झाकलेलं. ह्याविषयी पुरेसं बोलून झालं.

आणि शेवटची ओळ, जी जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये असते आणि जिच्याकडे कुणी बघत नाही : 'क्लिनिकल कोरिलेशन'. म्हणजे, हे चित्र रुग्णाच्या दुखण्याशी आणि रक्ताच्या तपासणीशी जुळवून बघा. चित्र काढणाराच सांगतो आहे की एकट्या चित्रावर जाऊ नका. आपण कवितेतल्या एका ओळीचा अर्थ आधीची-नंतरची ओळ सोडून लावत नाही. रिपोर्टचंही तसंच.

घरात कुणाला असा त्रास झाला तर डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. लायपेज किती आहे? पित्ताशयात खडे दिसले का? स्वादुपिंड दिसलं, की झाकलेलं होतं? आणि खडे असतील तर ऑपरेशन ह्याच मुक्कामात होईल का?

मंडळाला एक सुचवते. आपण दरवर्षी भाषा दिनाला घोषवाक्यं लिहितो, सुलेखन करतो. ह्या वर्षी वैद्यकाच्या एखाद्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन सोनोग्राफी रिपोर्टमधल्या पन्नास शब्दांचा एक पानी मराठी कोश करू. तपासून घेऊ, छापू, आणि जो दवाखाना लावू देईल त्याच्या भिंतीवर लावू. सीमाभागासाठी शेजारी कन्नड रकाना ठेवू. तो भरून द्यायला माझा मामा तयार आहे. स्वादुपिंडापुढे त्याने 'मेदोजीरक' लिहूनही ठेवलंय.